खोली नंबर एक्केचाळीसचे सात फोटो

तात्यांनी त्यांचा फोन माझ्या टेबलावर ठेवला आणि स्क्रीनवर बोट टेकवलं. "वाच," म्हणाले.

फोटोत त्यांच्या चाळीच्या फलकावर लावलेली यादी होती. चाळ पाडून नवी इमारत बांधायची ठरली होती, आणि कोणत्या खोलीत कोण राहतं याची ती कच्ची यादी होती. खोली नंबर ४१ समोर एकच नाव होतं. प्रकाश परब.

"आम्ही सात जण राहतो त्या खोलीत," तात्या म्हणाले. "तुमची बाई आली तेव्हा सातही जण हजर होते. सगळ्यांचे फोटो काढले, सह्या घेतल्या. मग सहा नावं खाल्ली कोणी?"

त्यांच्या मागे आणखी दोघे उभे होते. बसा म्हटलं तर बसले नाहीत.

मी तेव्हा बीएस्सी आयटीच्या शेवटच्या वर्षाला होते. परळच्या एका जुन्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये सहा माणसांची एक छोटी कंपनी आहे, तिथे इंटर्न होते. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिली. वडील माझगावला गोदीत वेल्डिंग करतात. ऑफिसात कोणी वयस्क माणूस चढ्या आवाजात बोलला की मला आधी उभंच राहावंसं वाटतं. त्या दिवशीही मी उभी राहिले, आणि मग लक्षात आलं की आता आम्ही चौघेही उभे आहोत.

तात्यांनी माझं नाव विचारलं, मग आडनाव, मग कुठे राहते ते. तिन्ही उत्तरं त्यांनी मनात नीट नोंदवून ठेवली असावीत. मग म्हणाले, "रविवारी दहा वाजता खोलीत बैठक आहे. तोपर्यंत सांगा, कोणी केलं. नाहीतर आमचं आम्ही ठरवलेलंच आहे."

ठरवलेलं काय होतं ते मागच्या माणसाने सांगितलं. प्रकाशची पेटी आणि वळकटी त्यांनी खोलीबाहेर गॅलरीत काढून ठेवली होती. गावी त्याच्या घरी निरोपही गेला होता की तुमच्या मुलाने गावाची खोली लाटली.

गावाची खोली म्हणजे काय, ते सांगायला हवं. गिरण्या चालू होत्या तेव्हा कोकणातल्या एकेका गावाने लालबाग-परळच्या चाळींतून खोल्या घेतल्या. भाडेपावती गावच्या मंडळाच्या नावाने. गावातून जो कामाला येईल त्याने तिथे पेटी ठेवायची, झोपायचं आणि बाहेर खानावळीत जेवायचं. गिरण्या गेल्या तरी काही खोल्या राहिल्या. या खोलीत तात्या घाडी सगळ्यात मोठे, गिरणीतून निवृत्त. बाकीच्यांत कोणी वॉचमन, कोणी शिपाई, कोणी डिलिव्हरीवाला. प्रकाश परळच्या एका मोठ्या हॉस्पिटलात वॉर्डबॉय होता. यादी अशीच पक्की झाली असती तर नव्या इमारतीतली जागा त्याच्या एकट्याच्या नावावर गेली असती. आणि तशी झाली नाही तरी तो चोर ठरलेला होताच.

यादी आमच्या ॲपमधून निघाली होती. चाळ कमिटीने आमच्या कंपनीला सर्व्हेचं काम दिलं होतं. आमच्या कंपनीकडून दीपाताई मोबाइल घेऊन खोलीखोलीत जात. ॲपमध्ये फॉर्म भरत, माणसाचा दारात उभा राहून फोटो काढत, स्क्रीनवर बोटाने सही घेत. चाळीच्या आतल्या गॅलऱ्यांमध्ये नेटवर्क नसतं. म्हणून माहिती आधी फोनमध्येच साठायची आणि नेटवर्क आलं की आमच्या सर्व्हरवर जायची. याला आम्ही सिंक म्हणतो.

कंपनीचे प्रमुख निखिल सर केबिनमधून हे ऐकत होते. तिघे गेल्यावर त्यांनी मला आत बोलावलं.

"कोणीतरी आतून डिलीट केलंय," ते म्हणाले. "दीपाने, नाहीतर तिला कोणी सांगितलं म्हणून दीपाने. तू गपचूप डेटा काढ. तिला आत्ताच काही बोलू नको."

मी मान हलवली. खरं तर दीपाताई मला रोज त्यांच्या डब्यातली भाजी देत. पण सरांचं बोलणं पटण्यासारखं होतं. सातांपैकी सहा नावं आपोआप कशी जातील?

आधी मी सर्व्हरवर पाहिलं.

आमच्या कामात माहिती "ऑब्जेक्ट" म्हणून साठवतात. शब्द मोठा वाटतो, पण गोष्ट साधी आहे. सरकारी हॉस्पिटलात केसपेपर असतो ना, तसा. एका माणसाची सगळी माहिती एका कागदावर आणि वर एक नंबर. तो नंबर सांगितला की खिडकीतला माणूस मागच्या रॅकमधून बरोबर तोच कागद काढून देतो. ऑब्जेक्टलाही असा नंबर असतो, त्याला आम्ही आयडी म्हणतो. ॲपला आयडी द्यायचा, ऑब्जेक्ट मागायचा, उघडून आत काय आहे ते बघायचं. आयडी हाताशी नसेल तर खोलीच्या नंबरवरूनही शोधता येतं, म्हणून मी खोली नंबर एक्केचाळीसचे सगळे ऑब्जेक्ट मागितले. एकच आला. प्रकाश परब, वय एकतीस, फोटो, सही.

मग डिलीट लॉग उघडला. कोणी काही पुसलं तर त्याची नोंद तिथे राहते. त्या आठवड्यात काहीच पुसलेलं नव्हतं.

पण एक गोष्ट खटकली. प्रत्येक ऑब्जेक्टमध्ये दोन वेळा असतात, पहिल्यांदा साठवला ती आणि शेवटचा बदल झाला ती. मी उघडून पाहिलेल्या इतर काही खोल्यांमध्ये या दोन वेळा सारख्याच होत्या. एक्केचाळीसमध्ये पहिली वेळ सकाळी अकरा दहा आणि शेवटची अकरा बावन्न होती. एका माणसाच्या एका फॉर्मवर बेचाळीस मिनिटं काम चाललं होतं. दीपाताईंना एका फॉर्मला सहा-सात मिनिटं लागतात.

बेचाळीस मिनिटं काय करत होत्या?

मी सरांना सांगितलं. ते खुर्चीत मागे टेकले. "बघ. कोणाशी तरी बोलणं चालू असणार."

मग मी एक काम केलं, जे आज करणार नाही. फॉर्ममधल्या मोबाइल नंबरवरून प्रकाशला फोन लावला. म्हटलं, सर्व्हेच्या कंपनीतून बोलतेय, थोडी माहिती तपासायची आहे. त्याला तीन प्रश्न विचारले. फॉर्म किती वाजता भरला, भरताना आणखी कोण होतं, दीपाताईंना आधीपासून ओळखता का. त्याने तिन्हींची उत्तरं अडखळत दिली. फॉर्म शेवटी भरला. सगळे होते. नाही ओळखत. आणि मी फोन ठेवणार तेवढ्यात म्हणाला, "मॅडम, मी काही केलेलं नाही."

मी तर त्याच्यावर काही आरोप केला नव्हता. मग हा असं का म्हणतो? मी वहीत लिहिलं, "न विचारता नाकारतो." त्याच्याखाली रेघ मारली. ती वही अजून माझ्याकडे आहे.

शुक्रवारी सरांनी दीपाताईंचा फोन मागून घेतला. ॲप अपडेट करायचं आहे, असं सांगितलं. दीपाताईंनी फोन दिला, पण त्या टेबलापासून हलल्या नाहीत.

"अपडेट करायला वायर कशाला लावतेस गं?" त्यांनी मला विचारलं.

मला खोटं बोलता येत नाही. मी म्हटलं, "ताई, एक्केचाळीसचं बघायचंय."

त्यांनी वायरकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "मी सात फॉर्म भरले. सात वेळा हिरवी खूण आली. मी मोजली. आता तुम्हाला जे काढायचंय ते काढा." आणि खुर्ची ओढून माझ्या शेजारीच बसल्या.

फोन लॅपटॉपला जोडून ॲपच्या आतला साठा उघडता येतो. वापरणाऱ्याला तो दिसत नाही. मी साठ्याकडे एक्केचाळीस नंबरचे सगळे ऑब्जेक्ट मागितले. तिथेही एकच आला, प्रकाशचाच. म्हणजे नावं सर्व्हरवर नाही, फोनमध्येच गेली होती. आणि फोन दिवसभर एकाच बाईच्या हातात होता.

मी दीपाताईंकडे पाहिलं नाही. त्यांनी स्क्रीनकडे पाहिलं. मराठी शाळेत दहावी झालेल्या बाई, पण एक आकडा त्यांना बरोबर वाचता आला.

"एकच?" त्या म्हणाल्या.

"एकच."

"मग फोटो? फोटो तर मी सात काढले."

फोटो. मी ते बघितलेच नव्हते. फोटो आणि सह्या ऑब्जेक्टच्या आत नसतात, कारण त्या मोठ्या फाइल असतात. त्या वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवतात आणि ऑब्जेक्टमध्ये फक्त त्यांचा पत्ता लिहितात. केसपेपरवर "एक्सरे कपाट नंबर दोन" असं लिहावं, तसं. केसपेपर हरवला तरी एक्सरे कपाटातच राहतो.

मी फोल्डर उघडला. फाइलच्या नावात खोलीचा नंबर आणि वेळ असते. एक्केचाळीस नंबरच्या सात फोटोफाइल होत्या. सह्याही सात. अकरा दहाला तात्या घाडी, दारात ताठ उभे. मग दुसरा, तिसरा, असं करत अकरा बावन्नला प्रकाश, हातात चहाची किटली, ती लपवायचा प्रयत्न करत असलेला.

दीपाताईंनी पदर डोळ्यांना लावला. म्हणाल्या, "बघ."

म्हणजे पहिल्या फॉर्मनंतर बेचाळीस मिनिटांत आणखी सहा फॉर्म. एकेकाला सात मिनिटं. त्या नेहमीच्याच वेगाने काम करत होत्या.

मग सहा ऑब्जेक्ट गेले कुठे? कोणी पुसले नव्हते. दीपाताईंनी काही केलं नव्हतं. मी परत तो एकुलता एक ऑब्जेक्ट उघडला आणि एकेक ओळ वाचत गेले. नाव, वय, पत्ता, फोटो. सगळ्यात वर आयडी होता. आयडीच्या जागी लिहिलं होतं, ४१.

मी तो आकडा बोट ठेवून पुन्हा वाचला.

आयडीच्या जागी खोलीचा नंबर असायला नको होता. आधी तिथे प्रत्येक फॉर्मसाठी ॲप आपोआप एक वेगळा लांबलचक नंबर घालायचं. पण सर्व्हेच्या सुरुवातीला एक अडचण आली होती. दीपाताई कधी कधी सेव्हचं बटण दोनदा दाबत आणि एकाच घराचे दोन फॉर्म साठायचे. सर म्हणाले होते, हे डुप्लिकेट बंद कर. मी विचार केला. एका खोलीचा एकच फॉर्म हवा ना? मग खोलीचा नंबरच आयडी करू. त्याच नंबरचा फॉर्म दुसऱ्यांदा आला की तो पहिल्याच्या जागी बसेल. अर्ध्या तासाचं काम होतं. सर म्हणाले, "स्मार्ट." मी त्या दिवशी घरी जाऊन आईला तो शब्द सांगितला होता.

तर ॲपने तसंच केलं होतं. तात्यांचा फॉर्म ४१च्या जागेवर बसला. मग दुसऱ्या माणसाचा आला, तात्यांचा गेला. तिसऱ्याचा आला, दुसऱ्याचा गेला. प्रत्येक वेळी हिरवी खूण आली, कारण प्रत्येक वेळी साठवणं व्यवस्थित झालं होतं. पुसलं काहीच नव्हतं, म्हणून लॉगमध्येही काही नव्हतं. शेवटचा माणूस प्रकाश, म्हणून तो उरला.

ज्याला मी दोन दिवस शोधत होते ती मीच होते.

मला सगळ्यात जास्त याची लाज वाटली की मी स्वतः माझगावच्या चाळीत अशाच खोलीत वाढले. एकाच खोलीत आम्ही आणि आमचे काका, दोन चुली, दोन रेशनकार्डं. एका खोलीत एकच घर असतं, हे मी कुठून शिकले? बहुधा कॉलेजच्या प्रोजेक्टमधून. तिथे सगळ्या उदाहरणांत एक फ्लॅट आणि एक मालक असतो.

मग आणखी एक शंका आली. मी सगळे ऑब्जेक्ट मोजले. नव्वद. सगळे फोटो मोजले. नव्व्याण्णव. सहा जास्तीचे एक्केचाळीसचे. उरलेले तीन आणखी तीन खोल्यांचे होते. ते फोटो उघडून पाहिले. तिन्ही ठिकाणी एकाच दारात दोन वेगवेगळी माणसं. चेहऱ्यावरून भाऊ वाटत होते.

त्या तीन खोल्यांमधून कोणीही तक्रार केली नव्हती. यादी लागून चार दिवस झाले होते. ज्या भावाचं नाव गेलं त्याने आमच्या ऑफिसात यायला हवं होतं. तो आला नाही, म्हणजे त्याला वाटलं होतं की दुसऱ्या भावाने केलं.

मी सरांना सगळं सांगितलं. त्यांनी हातातलं पेन टेबलावर ठेवलं.

"ठीक आहे," म्हणाले. "आपण सांगू की सिंकचा प्रॉब्लेम होता. नेटवर्क वीक होतं. परत सर्व्हे करून देतो. संपलं."

"पण सर, नेटवर्कमुळे नाही झालं."

"प्रज्ञा, त्यांना काय कळणार आहे? ॲपमध्ये बग आहे म्हटलं की लोक विचारतात, मग बाकीची यादी बरोबर कशावरून? पूर्ण काम हातचं जाईल."

त्यांचं म्हणणंही खोटं नव्हतं. सर वाईट माणूस नव्हते. मला इंटर्नशिप त्यांनीच दिली होती, माझं इंग्रजी ऐकूनसुद्धा. आणि कॉलेजला द्यायचं सर्टिफिकेट अजून त्यांच्याच हातात होतं. मी "हो सर" म्हणाले.

शनिवारी घरी मी वडिलांना विचारलं की तुमचा वेल्ड चुकला तर तुम्ही काय करता. ते म्हणाले, जहाजावर वेल्ड चुकला तर कोणाचा आहे ते खडूने लिहिलेलं असतं, लपवून काय करणार. आणि जेवायला लागले. त्यांना वाटलं मी कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी विचारतेय.

रविवारी सर, दीपाताई आणि मी लालबागला गेलो. खोली दहा बाय पंधराची असेल. एका भिंतीवर ओळीने सात खिळे, सहा खिळ्यांना एकेकाची पिशवी आणि कपडे. सातवा खिळा रिकामा होता. माळ्यावर पेट्या. दाराजवळ हाताने लिहिलेला कागद चिकटवलेला. झाडू कोणाचा, पाणी कोणाचं, दिवसवार. सगळी नावं वयाने उतरती, शेवटी प्रकाश.

प्रकाश सरळ ड्युटीवरून आला होता, हॉस्पिटलच्या निळ्या कपड्यांत. आत बस असं त्याला कोणी म्हटलं नाही. तो दारातच उभा राहिला. त्याची पेटी त्याच्या मागे गॅलरीत होती.

सरांनी सुरुवात केली. नेटवर्क, सिंक, तांत्रिक अडचण. तात्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"नेटवर्कने सहा जणांना खाल्लं आणि नेमका एक ठेवला," ते म्हणाले. "हुशार आहे नेटवर्क."

कोणीतरी हसलं. सर पुन्हा समजावू लागले, तर मागून दोघे एकदम बोलायला लागले. कोणी म्हणालं कंपनीच सामील आहे. कोणी दीपाताईंचं नाव घेतलं. दीपाताई उठल्या आणि दाराकडे निघाल्या.

मी लॅपटॉप उघडला. मला वाटतं, दीपाताई निघाल्या नसत्या तर मी उघडला नसता.

"फोटो आहेत," मी म्हटलं. गोंधळात कोणी ऐकलं नाही, म्हणून परत म्हटलं.

तात्यांनी हात वर केला. "गप ऱ्हवा. चेडू काय सांगता ता ऐका." चेडू म्हणजे मुलगी, म्हणजे मी.

मी सातही फोटो वेळेच्या क्रमाने दाखवले. प्रत्येक जण आपला फोटो आला की थोडा पुढे वाकत होता. मग केसपेपरचं उदाहरण देऊन सांगितलं. एकच नंबर, एकच जागा, नवा कागद आला की जुना बाहेर. जो शेवटी बसला तो राहिला.

वाटलं, आता झालं. पण वॉचमनची नोकरी करणारे एक काका म्हणाले, "म्हणजे तो मुद्दाम शेवटाक बसलो. त्याका म्हायत होता."

खोलीत पुन्हा कुजबुज सुरू झाली. मला हे सुचलंच नव्हतं. संशय एका जागेवरून उठवला तर तो दुसरीकडे जाऊन बसला.

दीपाताई दारातूनच म्हणाल्या, "तो शेवटी बसला कारण तो तुमच्यासाठी चहा आणायला गेला होता; मीच त्याला पिटाळलं, असं तुम्ही म्हणाल. पण मी नव्हतं पाठवलं. तात्यांनी पाठवलं. आणि मला म्हणाले, आमच्याकडे सगळं वयाप्रमाणे होतं, मोठे आधी घ्या."

सगळ्यांनी तात्यांकडे पाहिलं. तात्यांनी भिंतीवरच्या त्या झाडू-पाण्याच्या कागदाकडे पाहिलं.

"तात्यानू, तुमीच सांगलास," तो डिलिव्हरीवाला हळूच म्हणाला. "वयान बसा म्हणान."

तात्या त्या कागदापासून वळले. त्यांनी मला विचारलं, "हा नंबरचा नियम कोणी केला? कंपनीने?"

सर म्हणाले, "ते सॉफ्टवेअरचं आतलं—"

"मी केला," मी म्हटलं. "मला वाटलं एका खोलीत एकच कुटुंब असतं. मी कोणाला विचारलं नाही. दीपाताईंची चूक नाही. प्रकाशदादांचीही नाही."

तात्या माझ्याकडे बघत राहिले. ते रागावतील असं वाटलं. पण त्यांच्या डोळ्यांत अजून तोच पहिल्या दिवशीचा संशय होता. ही मुलगी कोणाला वाचवायला स्वतःवर घेतेय का, असं काहीतरी.

"लिहून देशील?" ते म्हणाले.

मंडळाच्या लेटरहेडचा एक कागद पेटीतून निघाला. मी मांडी घालून तिथेच लिहिलं. कोणता बदल केला, का केला, त्यामुळे काय झालं, आणखी कोणत्या तीन खोल्यांत झालं. खाली पूर्ण नाव आणि सही. कागद सहाही जणांच्या हातातून फिरला. एकाने तो दोनदा वाचला. मग तात्यांनी तो घडी करून खिशात ठेवला. प्रकाशपर्यंत तो गेला नाही. मीच म्हटलं, त्यांनाही वाचू द्या. तात्यांनी तो परत काढून दिला.

जिन्यात सर म्हणाले, "कंपनीच्या नावाने लिहून दिलंस?"

"माझ्या नावाने, सर."

ते माझ्या पुढे जिना उतरून गेले.

पुढच्या आठवड्यात मी आयडी पूर्वीसारखा केला. डुप्लिकेटसाठी वेगळी तपासणी टाकली, खोली आणि माणूस दोन्ही तेच असतील तरच थांबवणारी. दीपाताई आणि मी चारही खोल्यांमध्ये परत गेलो. सतरा नंबरच्या खोलीत मधोमध चादर बांधलेली होती. थोरल्या भावाने धाकट्याविरुद्ध हरकतीचा अर्ज लिहून तयार ठेवला होता. मी त्याला झालेली चूक समजावली. त्याने अर्ज फाडला. चादर आम्ही निघालो तेव्हा तिथेच होती.

काम कंपनीच्या हातून गेलं नाही. कमिटीने फक्त एवढी अट घातली की यादी लावण्याआधी फोटो आणि नावं यांची संख्या जुळवून दाखवायची. खरं तर हे आम्हीच आधी करायला हवं होतं. सरांनी मला सर्टिफिकेट दिलं, थोडं उशिरा. दीपाताई भाजी देतात, पण वायर हातात दिसली की अजून विचारतात, आज कोणावर संशय?

मला विचाराल तर यातून शिकण्यासारखं फार काही मोठं नाही. साठा उघडताना ऑब्जेक्टच्या आत काय लिहिलंय ते वाचण्याआधी त्याच्यावरचा नंबर कोणी आणि कशावरून ठरवला ते बघावं. आणि तो ठरवायची वेळ आपल्यावर आली तर आधी जागेवर जाऊन किती माणसं राहतात ते बघून यावं. जाऊन येऊन तासही लागत नाही.

नव्या फॉर्मसाठी प्रकाश ठरल्या वेळी आला. फोटो काढला, सही केली. मग गॅलरीतली पेटी खांद्यावर घेतली आणि जिना उतरायला लागला. मला वाटलं तो पेटी आत नेईल. मी मागे गेले आणि विचारलं. तो म्हणाला, वडाळ्याला हॉस्पिटलच्या एका मित्राबरोबर राहतोय.

"यादीत नाव असू दे मॅडम, ती जागा गावाची आहे," तो म्हणाला. "पण पेटी बाहेर काढताना एकानेही मला विचारलं नाही, की प्रकाश, तू केलंस का."

मीही विचारलं नव्हतं. मी त्याला तीन प्रश्न विचारले होते आणि चौथ्याच्या आधी उत्तर आलं म्हणून वहीत रेघ मारली होती. हे मी त्याला जिन्यात सांगितलं. तो "ठीक आहे" म्हणाला आणि पेटीचा खांदा बदलून खाली गेला.

यादी आता पक्की झाली आहे. एक्केचाळीस नंबरसमोर सात नावं आहेत. खोलीत सहा जण राहतात.